मीठ आणि कोळसा

जानेवारीत पारसिकच्या डोंगरावरून
कोरडा वारा रबाळ्यात उतरतो.
भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा चाळिसाच्या खाली गेला
की गोडांबे सर लाईन थांबवतात,
"आज केससुद्धा मोकळे नकोत कुणाचे."
तरी जॅकेट काढताना चटचट होतंच,
कुंदा मढवीच्या हातावरची लव
आपापली उठून उभी राहते.

मला वाटायचं घासल्यानं वीज तयार होते,
काडेपेटीसारखी.
सर म्हणाले, छे. ती आधीच असते,
दोन्हीकडे, जमाखर्च जुळलेला.
दोन वस्तू नुसत्या टेकल्या
तरी थोडं इकडचं तिकडे जातं.
टेकलेल्या असेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.
सुटल्या, की एकीकडे जास्त
आणि दुसरीकडे नेमकं तेवढंच उणं.
घासणं म्हणजे काय,
पुन्हा पुन्हा टेकणं, पुन्हा पुन्हा सुटणं.

हे मी वहीत लिहून घेतलं, परीक्षा नव्हती तरी.

त्याच पानावर खाली:
झटका माणसाला कळायला तीन हजार व्होल्ट लागतात,
चिपला शंभरही पुरतात.
म्हणजे माझ्या बोटानं काय जळलं
ते माझ्या बोटाला कळणार नाही.
आणि जळते तीही अर्धवट.
टेस्टिंगला पास होते, खोक्यात बसते,
सहा महिन्यांनी कुठल्याशा हॉस्पिटलच्या पंपात
मध्यरात्री गप्प होते.

म्हणून मनगटाला पट्टा.
पट्ट्याला वेटोळ्यांची वायर, वायरीत दहा लाख ओहम
(अंगातलं सावकाश उतरावं, धाडकन नको),
टेबलाखालून भिंतीबाहेर,
सायकल स्टँडमागे, लोखंडी झाकणाखाली
तांब्याचा दांडा,
जमिनीत दहा फूट.
नऊ तास दाव्याला.
लघवीला जायचं तर सोडायचा,
आल्यावर बांधायचा, परत तपासायचा.

घणसोलीला घरी बाबांना सांगितलं.
"कुठल्या प्लॉटवर?"
मी नंबर सांगितला, तो त्यांनी ऐकलाच नाही.
"उघाडीपासून किती पावलं?"
उघाडी मी पाहिलेली नाही.
तिथे ट्रकांचा वजनकाटा आहे.
मग त्यांनी ताटात भाताचा बांध घातला,
अलीकडे आमटी अडवली.
"ही खाडी. इथं भरतीला जिताडा यायचा.
ही आपली खार.
आणि हा," भातात बोट रोवून, "हा तुझा दांडा."
थोडा वेळ ताटाकडे बघत बसले,
मग बांध कालवून खाल्ला.

सोमवारी लोटलीकर इलेक्ट्रिशियन झाकण उघडतो,
मीटर लावतो. आकडा चढलेला.
माती वाळली, की काही घेत नाही आत.
"खड्ड्यात काय भरलंय?"
"मीठ आणि कोळसा. थरावर थर. ओल धरतं."
"मीठ विकतचं?"
"मग काय फुकटचं? दोन गोण्या, तुर्भ्याहून."
मला हसू आलं, तो बघत राहिला.
आजोबांचा जन्म गेला
दरवर्षी बांध लिंपण्यात, ह्या मातीत
मीठ शिरू नये म्हणून.

बादली मी मागून घेतली.
पाणी वाजलं नाही, बुडबुडा आला नाही,
नुसतं खाली गेलं.
दुसरी बादली.
आकडा पाचवरून तीनवर,
तीनवर बराच वेळ अडून बसला,
मग एकच्या आसपास.
"चालेल," लोटलीकर म्हणाला
आणि पायानं झाकण सारलं.

हात कोरडे केले, पट्टा बांधला,
टेस्टरवर बोट. हिरवा.
कुंदानं पहिला ट्रे पुढे केला.
तिची बोटं माझ्या बोटांना टेकली,
सुटली.
काही झालं नाही.